कडेचा माणूस

सटवाईच्या कपाळाला कुंकू लावलेलं होतं आणि तिची वायर पंख्याच्या बोर्डात खुपसलेली होती.

सरकारी कागदांवर तिचं नाव 'दृष्टी पूर्वानुमान संच' असं होतं. पण जतच्या 'कोवळीक' नवजात केंद्रात एवढं नाव उच्चारून होईपर्यंत एखाद्या बाळाचं दुपटं ओलं व्हायचं, म्हणून नर्सबायांनी पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं उरकलं. खरी सटवाई पाचवीच्या रात्री गुपचूप येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. ही दर मंगळवारी अकरा ते चार लिहायची आणि लिहिलेलं छापून हातात द्यायची.

धैर्यशील जगदाळे तिच्यासमोर उभा होता. आत येताना त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आणि उजवा सलाईनच्या स्टँडला देऊन झाला होता, आणि दोघांनाही रीतसर 'सॉरी' म्हणून झालं होतं. वय सव्वीस, चष्मा उणे तेरा. तो स्वतः सातव्या महिन्यात जन्मला होता. तेव्हा असली यंत्रं नव्हती. एक डॉक्टर, एक लेझर आणि कागदावर बापाची सही, एवढ्यावर काम भागलं. त्या लेझरनं त्याची नजर वाचवली आणि नजरेच्या कडा नेल्या. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. म्हणून तो कोंबडीसारखी मान फिरवत चालायचा. चष्मा काढला की हातभरावरचा माणूस धुकं व्हायचा, पण कागद नाकाला टेकवला की मुंगीच्या पायाएवढं अक्षरही लख्ख दिसायचं. या गुणावर त्याला सांगलीतल्या एका दिनदर्शिकेच्या छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी लागली होती. "लाखो लोकांची संकष्टी माझ्या नाकावर अवलंबून आहे," असं तो चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगायचा.

आज मात्र त्याला काही सुचत नव्हतं. पलीकडे काचेच्या पेटीत त्याची भाची निजली होती. पाच आठवड्यांची, नाकात ऑक्सिजनची नळी, तळहाताएवढी पाठ. नाव अजून ठेवलेलं नव्हतं. चंपाषष्ठीला जन्मली म्हणून सगळे 'चंपी' म्हणत. तिची आई शर्वरी, म्हणजे त्याची अक्का, बाकावर पदराचं टोक पिळत बसली होती. दाजी दुधाचा टँकर घेऊन पुण्याकडे गेलेले. त्यांच्या जागी त्यांच्या आई आल्या होत्या, सुगंधामावशी.

"आज काय ते कळेल," अक्का म्हणाली. "एवढंच मागणं आहे रं, लेझर नको."

"का? माझं काय वाईट झालंय?"

अक्कानं पदराचं टोक आणखी पिळलं. लहानपणी धैर्यशीलला दोनदा विहिरीच्या काठावरून, एकदा म्हशीच्या पोटाखालून आणि मोठेपणी एकदा तिच्याच लग्नाच्या मांडवातल्या खांबावरून तिनं ओढून आणलं होतं. या विषयावर तिचा अभ्यास दांडगा होता.

डॉक्टर शाहीन बागवान मिरजेहून दर मंगळवारी यायच्या, गाडीच्या डिकीत लेझर घालून. चार वाजता निघायच्या; पुढे आठ दिवस या बाजूला लेझर नाही. चंपीला मिरजेला हलवायचं तर ऑक्सिजनवरचं बाळ खड्ड्यांतून नव्वद किलोमीटर न्यायचं, ते कुणी करू धजत नव्हतं. डॉक्टरांनी चंपीच्या डोळ्यांचे फोटो काढले आणि मग बाकाशेजारी येऊन उकिडव्या बसल्या.

"हे बघा शर्वरीताई. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या शिरा पोटात असताना मधून कडेकडे वाढत जातात, रोपाची मुळं पसरतात तशा. बाळ लवकर आलं की मुळं अर्ध्यात थांबतात. कडेचा पडदा उपाशी राहतो आणि रक्तासाठी ओरडायला लागतो. त्या ओरड्यानं भलत्याच शिरा फुटतात. काही बाळांत त्या आपोआप जिरतात. काहींत पडदाच ओढून सुटा करतात. मग काही दिसत नाही."

"आणि लेझर?"

"लेझरनं आम्ही ती उपाशी कड जाळून टाकतो. ओरडणारं कुणी राहिलं नाही की भलत्या शिरा सुकतात. मधली नजर वाचते, कड जाते. चष्मा बहुधा जाडच लागतो. इंजेक्शनही आहे, पण त्याचा जोर काही आठवड्यांनी उतरतो आणि इतक्या लांबून दर आठवड्याला डोळे तपासून कोण बघणार? म्हणून प्रश्न एवढाच, की हिच्या शिरा जिरणार की ओढणार. ते ही सांगते."

'ही' म्हणजे सटवाई. तिला लाखभर बाळांच्या पडद्यांचे फोटो पाजलेले होते, आणि तीच बाळं सहा वर्षांची झाल्यावर त्यांना किती दिसलं त्याच्या नोंदीही. नवा फोटो दिला की ती दोन चित्रं काढायची: लेझर केलं तर हे मूल सहाव्या वर्षी काय बघेल, आणि नाही केलं तर काय बघेल. आईबापांनी खोक्यात डोकं घालून आपल्या लेकराच्या नजरेनं बघायचं. मोठ्या कळकळीनं बनवलेलं यंत्र होतं. ते आल्यापासून विनाकारण लेझर होणं जवळपास थांबलं होतं, आणि ती 'थांबा' म्हणत असताना लेझर करायचं तर डॉक्टरला तीन ठिकाणी खुलासा लिहावा लागायचा.

"हनुवटी इथं टेकवा," रूथ सिस्टर म्हणाल्या. "मान अजिबात हलवायची नाही. हलवली की चित्र सरकतं."

अक्कानं खोक्यात डोकं घातलं. चित्र सगळ्यांना एकच असायचं. एक अंगण, मध्ये नळ, नळाखाली कोंबडी, आणि उजव्या कडेला हातात बादली घेतलेला एक माणूस.

"हे लेझर न करता," सिस्टरनी बटण दाबलं. "आणि हे करून."

अक्कानं डोकं बाहेर काढलं. "माणूस गेला."

"कुठं गेला?" धैर्यशील म्हणाला.

"गेला म्हणजे नाहीच. अंगणच आखूड झालं. बघ तू."

धैर्यशीलनं बघितलं. पहिलं चित्र: अंगण, नळ, कोंबडी. दुसरं चित्र: अंगण, नळ, कोंबडी. त्यानं परत पहिलं लावायला सांगितलं, परत दुसरं. मान अजिबात हलवली नाही.

"दोन्ही एकच आहेत," तो म्हणाला. "यंत्र बिघडलंय."

रूथ सिस्टर एकदम सलाईन मोजायला लागल्या. अक्का त्याच्याकडे बघत होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिला त्याच्या डोळ्यांतून बाहेर बघायला मिळालं होतं, आणि जे दिसलं ते तिला सोसलं नाही.

"माझ्या पोरीला असं नको," ती पुटपुटली. मग त्याचा चेहरा बघून, "तसं नव्हं रं धैर्या..."

"राहू दे," तो म्हणाला. "कोंबडी तर दिसतेय. अंड्याची सोय झाली."

आणि त्यानं खोक्याकडे पाठ फिरवली.

इकडे सुगंधामावशींनी पिशवीतून कोरा कागद आणि पेन काढून सटवाईच्या पुढ्यात ठेवलं. चंपी काचेच्या पेटीत असल्यानं पाचवी पुजायची राहून गेली होती. ती त्या आता, हाती आलेल्या सटवाईवर भागवत होत्या. कपाळाचं कुंकूही त्यांचंच. नेमका त्याच वेळी प्रिंटरमधला कागद संपला. रूथ सिस्टरनी इकडंतिकडं बघितलं, समोर पडलेला कोरा कागद उचलला आणि प्रिंटरमध्ये सरकवला.

घरर्र आवाज झाला. मावशींच्या कागदावर मोठ्या अक्षरांत शब्द उमटला: थांबा. खाली, 'लेझरची आवश्यकता नाही. रोग ओसरणे अपेक्षित.' त्याखाली बारीक नोंदींच्या चार ओळी, ज्या आजवर कुणी वाचल्या नव्हत्या, कारण त्या वाचता येतील असं गृहीत धरून छापलेल्याच नव्हत्या.

मावशींनी दोन्ही हात जोडले. "लिवलं बग आईनं! म्या ठिवलेल्या कागदावर!"

अक्का रडायला लागली, सुटल्यासारखी. डॉक्टर बागवान मात्र फोटोकडे बघत राहिल्या. "शिरा फार नागमोडी आहेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बत्तीस आठवड्यांचं बाळ, आणि जन्मताना वजन एक किलो पन्नास? पोटात वाढ खुंटली असेल म्हणा..." मग घड्याळाकडे बघून त्या बाहेरच्या खोलीतल्या पुढच्या बाळाकडे गेल्या. अडीच वाजले होते.

धैर्यशीलनं कागद उचलला. त्यात संशय वगैरे काही नव्हता. छापलेला कागद दिसला की त्याचा हात आपोआप चष्म्याकडे जायचा. चष्मा काढून त्यानं कागद नाकाला लावला.

'गर्भवय जन्मसमयी ३२ आ. ३ दि. पंचांग सुविधा: चालू. अ. मा. समाविष्ट. अखेरची पाळी: वैशाख शु. १५.'

त्यानं ओळ दुसऱ्यांदा वाचली. मुद्रितशोधकाला चूक आधी नाकात खाज येऊन कळते, कारण नंतर.

"अक्का," तो म्हणाला, "मी वडाला फेऱ्या कधी मारल्या?"

"आं?"

"मी. वडाला. सूत घेऊन."

अक्का रडता रडता हसली. ती गोष्ट अख्ख्या भावकीत गाजलेली होती. वटपौर्णिमेच्या दिवशी धैर्यशील आंब्याची पेटी घेऊन तिच्याकडे गेला होता. अक्का नेमकी बाहेरची झालेली. पूजेला जायची सोय नाही. मावशींचा गुडघा नुकताच बदललेला. व्रत मोडायचं नाही म्हणून मावशींनी तोडगा काढला: "तुजं नि तिजं रगात एकच हाय. तू मार फेऱ्या." आणि धैर्यशीलनं भरजरी बायकांच्या गर्दीत, निर्विकार चेहऱ्यानं, सात जन्म हेच दाजी मिळोत म्हणून वडाला सात फेऱ्या मारल्या, त्या सातांत चार सवाष्णींना आणि एका पुरोहिताला धडकला. दाजींच्या चुलतबहिणीनं त्याचा व्हिडिओ काढला होता.

"वटपौर्णिमा ज्येष्ठात," धैर्यशील म्हणाला. "त्या दिवशी तुझी पाळी होती. मग हिनं अखेरची पाळी वैशाखात कशी लिहिली?"

पावणेतीन.

"सिस्टर, यात तारीख कुणी भरली?"

"तारीख नाही भरत इकडं," रूथ सिस्टर म्हणाल्या. "बायका तिथीनं सांगतात, म्हणून शासनानं पंचांग घातलंय ना आत. मावशींनी सांगितलं तसं भरलं. सहा महिने एकवीस दिवस."

"सोनोग्राफीचा रिपोर्ट?"

"दाजींच्या खिशात होता," अक्का म्हणाली. "शर्टाबरोबर धुऊन निघाला."

धैर्यशील मावशींकडे वळला. वळताना स्टूल पाडलं. "मावशी, सहा महिने एकवीस दिवस तुम्ही कसे मोजलेत?"

मावशींनी मान ताठ केली. गावातल्या बायका आणि म्हशी दोन्हींचे दिवस मोजायचं काम चाळीस वर्षं त्यांच्याकडं होतं, आणि दोन्हींकडून कधी तक्रार आलेली नव्हती. "कसं म्हंजे? वटपुनवंपासनं चंपाषष्ठीपातुर. आकाड दोनदा आला औंदा. त्यो धोंड्याचा म्हयना धरूनच सांगितलंय म्या. मला येडी समजलास व्हय?"

"तुम्ही धरलात," धैर्यशील म्हणाला. "आणि मग हिनंही धरला."

रूथ सिस्टर बोटांवर महिने मोजायला लागल्या.

त्याला आता ते मुद्रितावरच्या लाल खुणेसारखं स्वच्छ दिसत होतं. मुंबईत बसलेल्या कुणा सज्जनाला वाटलं असेल, की गावाकडच्या बायका अधिक महिना मोजायला विसरतात. म्हणून यंत्राला शिकवून ठेवलं: मधे अधिक मास आला की एक महिना आपणहून वाढव. मावशी विसरल्या नव्हत्या. चंपीला फुकटचा एक महिना मिळाला होता. ती बत्तीस आठवड्यांची जन्मलेलीच नव्हती. अठ्ठावीस आठवड्यांची होती.

तो पळत बाहेर गेला. म्हणजे चौकट, औषधांची गाडी आणि एक आजोबा, या क्रमानं. डॉक्टर बागवान दुसऱ्या पेटीवर वाकल्या होत्या. त्यानं धापा टाकत सांगितलं. त्या जागच्या जागी सरळ झाल्या.

"म्हणजे आज सदतीस नाही, तेहतीस आठवडे," त्या म्हणाल्या. "सदतिसाव्यात अशा शिरा म्हणजे रोग उतरणीला लागला. तेहतिसाव्यात म्हणजे तो आत्ता चढतोय. मग हिला आठ दिवस नाहीत. अठ्ठेचाळीस तास असले तर असले. पुरावा काय आहे?"

"मी वडाला फेऱ्या मारतानाचा व्हिडिओ."

डॉक्टरांनी अडतीस सेकंदांचा तो व्हिडिओ संपूर्ण बघितला. पुरोहिताला धडकल्यावरही त्यांचा चेहरा हलला नाही. व्हिडिओच्या कोपऱ्यात तारीख होती. "पंचांग बंद करून ही तारीख घाला," त्या रूथ सिस्टरना म्हणाल्या. "परत चालवा."

पण सटवाईपुढे सुगंधामावशी हात पसरून उभ्या होत्या.

"न्हाई. एकदा लिवल्यालं पुसत न्हाईत. चांगलं लिवलंय तिनं. तुमी परत इचारून तिला डिवचू नगा. भलतंच लिवील."

"मावशी, आठ दिवसांत पोर आंधळी होईल," धैर्यशील म्हणाला.

"देवीच्या पुढ्यात अशुभ बोलू नगंस!"

तीन वाजून पाच. मान फिरवून धैर्यशीलनं मावशी पूर्ण नजरेत घेतल्या.

"मावशी, तुमचा हिशेब बरोबर होता. एक दिवसाची चूक नव्हती. हिचा तुमच्यावर विश्वास बसला नाही. हिला वाटलं, ही खेड्यातली बाई, हिला काय धोंड्याचा महिना कळतोय. म्हणून तुमच्या आकड्यावर हिनं आपला एक महिना चढवला."

मावशींनी सावकाश मागं वळून सटवाईकडं बघितलं.

"माज्या मोजणीवर?"

"तुमच्या."

"चाळीस वरसं..." मावशींनी पदराच्या टोकाला थुंकी लावली आणि सटवाईच्या कपाळाचं कुंकू खसाखसा पुसून टाकलं. "चालवा पुन्यांदा. बगूया काय लिवती भवानी."

यंत्र गुरगुरलं. तीन मिनिटं. मग सिस्टरनी बटण दाबलं आणि तिनं हनुवटी टेकवली.

लेझर न करता: काळं. नुसतं काळं, खाली डाव्या कोपऱ्यात उजेडाचा एक डाग, दाराच्या फटीएवढा. कोंबडी नाही, नळ नाही.

लेझर करून: आखूड अंगण. नळ. कोंबडी. कडेचा माणूस नाही.

अक्का खोक्यातून बाहेर आली. डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढं केला, मावशींनी सटवाईसाठी आणलेलंच पेन दिलं. अक्कानं पेन धरलं. ते कागदाच्या वर नुसतं अधांतरी राहिलं.

"मला माहीत आहे काय करायचं ते," ती म्हणाली. "कळतंय मला. पण हात चालंना. मी तिला म्हशीखालनं किती वेळा ओढू, धैर्या? मी नसले तर? कडेनं कोण आलं ते तिला कळणारच नाही."

तीन वीस. बाहेर डॉक्टरांच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून बघितला.

धैर्यशीलला विनोद करावासा वाटला. एक तयारही होता. तो त्यानं गिळला.

"परत बघ," तो म्हणाला. "लेझरवालं चित्र."

"बघितलं की."

"परत. आणि आता मान वळव."

"मान वळवायची नाही म्हणालेत."

"ते यंत्राच्या सोयीसाठी. चंपीला हनुवटी टेकवून जगायचं नाहीये. वळव."

अक्कानं खोक्यात डोकं घातलं. मग तिनं मान उजवीकडं वळवली, अगदी थोडी, भावाला हजारदा करताना पाहिलेली ती कोंबडीची हालचाल, आणि चित्र सरकलं. नळ डावीकडं गेला. अंगणाचा पुढचा तुकडा आत आला. त्यात पाय दिसले, मग बादली, मग माणूस.

"आला," अक्का म्हणाली.

"तो तिथंच असतो," धैर्यशील म्हणाला. "मी रोज आणतो त्याला."

अक्कानं खोक्यातून डोकं न काढताच हात बाहेर पसरला. रूथ सिस्टरनी कागद तिच्या हाताखाली धरला. सही जरा तिरकी आली.

लेझरला दोन्ही डोळे मिळून सव्वा तास लागला. डॉक्टर त्या दिवशी चारला निघाल्या नाहीत. दारापलीकडून बारीक टकटक ऐकू येत होती, एकसारखी, आणि प्रत्येक टकटकीला चंपीच्या अंगणाची एक वीट उचलली जात होती. मावशी मोजत होत्या. दोन हजारांच्या पुढं त्यांनी मोजणं सोडलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

*

सहा वर्षांनी केंद्राकडून पत्र आलं: यंत्राचं भाकीत आणि प्रत्यक्ष नजर यांची तुलना करायची आहे, बालिकेस घेऊन यावे.

चंपी आली. आत येताना तिनं डावा खांदा चौकटीला दिला, तिच्या मामानं उजवा, आणि दोघंही एका सुरात 'सॉरी' म्हणाले. चष्मा उणे नऊ. तिनं तक्त्यावरच्या सातांपैकी पाच ओळी वाचल्या. पुढं एकटी शाळेत जाता येईल का, असं अक्कानं भीत भीत विचारल्यावर डॉक्टर बागवान म्हणाल्या, "जातेच आहे ना?" अक्का म्हणाली, "व्हय. मी मागनं जाते, तिला न दिसता. कडेनं."

जुनी सटवाई व्हरांड्यात पडून होती, अंगावर फडकी वाळत घातलेली. नव्या यंत्रांत आता महिने विचारत नाहीत. वटपौर्णिमेचं विचारतात की नाही, ते रूथ सिस्टरना माहीत नव्हतं.

मावशींनी पिशवीतून एक घडी पडलेला कागद काढला. पहिला. त्यांनी तो टाकला नव्हता. "ह्यो बी फाईलीला लावा," त्या म्हणाल्या. "चूक कुणाची हुती ते लिवून ठिवा."

चंपीनं तो मधल्या मधे घेतला. चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाला टेकवला आणि खालच्या एका बारीक ओळीपासून सुरुवात केली, जी त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हती, मामाला सोडून.

"अ. मा. समा... समाविष्ट," तिनं वाचलं. मग वर सरकली. "थांबा." मान वळवून तिनं आधी आईला शोधलं, मग मामाला. "मामा, कुणाला थांबायला सांगितलेलं?"

"तुला."

"मग?"

"आम्हाला खालचंही नीट वाचता आलं," धैर्यशील म्हणाला.